पी०१३५ आणि पी०१७१ एकत्र आलेत, ऑक्सिजन सेन्सर बदलून भागेल का?

मानपाडा_पी४

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची, १.२ लिटर, ४ सिलिंडर पेट्रोल, बीएस-४. सीएनजी किट नाही. चेक इंजिन लाइट लागलाय. ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर पाहिलं तर दोन कोड: पी०१३५, म्हणजे बँक १ सेन्सर १ (इंजिनाकडचा, पुढचा ऑक्सिजन सेन्सर) चा हीटर, आणि पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). पी०१४१ (मागच्या सेन्सरचा हीटर) नाही. कोड पुसले की पी०१३५ गाडी सुरू केल्या केल्या परत येतो. पी०१७१ यायला थोडे दिवस लागतात.

इंजिन गरम असतानाचा लाइव्ह डेटा असा. आयडलला पुढचा सेन्सर ०.०५ ते ०.२ व्होल्टमध्येच घुटमळतो (कमी व्होल्ट म्हणजे लीन, जास्त म्हणजे रिच, पेट्रोल जास्त), शॉर्ट टर्म ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) +१२, लाँग टर्म +१८. रेस करून २५०० आरपीएमला धरली की तोच सेन्सर ०.१ ते ०.८ असा वरखाली होतो, ट्रिम +२ आणि +६ वर येतात. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ वर स्थिर. ॲव्हरेज चांगलंच पडलंय, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तर फारच.

गॅरेजवाला म्हणतो पुढचा-मागचा दोन्ही सेन्सर बदला, काम संपलं. खर्च बराच आहे म्हणून आधी विचारतोय. मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

---

लॅम्बडा_ऐरोली

मागचा सेन्सर बदलायचं काहीच कारण दिसत नाही. ०.६-०.७ वर स्थिर असणं हेच त्याचं आणि कॅट-कॉनचं (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं) ठीक असल्याचं लक्षण आहे. तो खर्च आधी वाचवा.

आता दोन कोड वेगळे करा. पी०१३५ थेट सेन्सरबद्दल बोलतो: हीटरचं सर्किट गेलंय. पी०१७१ मात्र सेन्सरवरचा आरोप नाही, सेन्सरने दिलेली साक्ष आहे. ती खरी की खोटी ते तपासायचं असतं. हा कोड आला म्हणून सेन्सर बदलणाऱ्यांचा लाइट बहुतेकदा परत लागतो.

आधी हीटर. सेन्सरमधलं झिरकोनिया साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय भरवशाचं व्होल्टेज देत नाही. म्हणून आत हीटर असतो. तो गेला तर धावत्या गाडीत एक्झॉस्टच्या उष्णतेवर सेन्सर कसाबसा चालतो, पण सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की थंड पडतो. त्यामुळे तुमचे आयडलचे आकडे आत्ता पूर्ण धरू नका. ऐरोलीहून महापेपर्यंत ठाणे-बेलापूर रोडने, किंवा वाशी-बेलापूरच्या पाम बीच रोडवर १५-२० मिनिटं गाडी पळवा, थांबल्या थांबल्या पहिल्या मिनिटात आयडलचे ट्रिम आणि व्होल्टेज पाहा. तेव्हाही लीनच दिसत असेल तर पी०१७१ मागे वेगळं कारण आहे.

हीटरची तपासणी अशी. फ्यूज पाहायला हरकत नाही, पण बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या दोन्ही हीटरना सप्लाय एकाच फ्यूजमधून जातो. तो उडाला असता तर पी०१४१ पण आला असता. तुमच्याकडे तो नाही, म्हणजे बिघाड पुढच्या सेन्सरच्या फांदीवर आहे: सेन्सर, कनेक्टर, नाहीतर तिथून ईसीयूपर्यंतची वायर.

इंजिन थंड असताना कनेक्टर काढा. सेन्सरच्या बाजूला चार वायर असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. डेन्सोच्या सेन्सरला त्या काळ्या असतात, निळी सिग्नल आणि पांढरी अर्थ. बॉश आणि एनटीकेला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, करडी अर्थ. गाडीच्या हार्नेसचे रंग वेगळे असतात, त्यावर जाऊ नका. हीटरच्या दोन पिनांत ओम मोजा. थंड असताना साधारण ३ ते १५ ओमच्या दरम्यान यायला हवं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो ०.३-०.४ ओम येतो तो वजा करा, एवढ्या कमी रेंजमध्ये त्याने फरक पडतो. ओएल (मीटरच्या भाषेत सर्किट तुटलेलं) आलं तर हीटर तुटलाय, तिथेच सेन्सरचा निकाल लागला. प्रत्येक हीटर पिन ते सेन्सरची धातूची बॉडी हेही पाहा, तिथे कंटिन्यूइटी यायला नको. सिग्नलच्या पिनांवर ओम मोजू नका, आणि त्यांना १२ व्होल्ट तर चुकूनही देऊ नका.

हीटर ठीक निघाला तर हार्नेसच्या बाजूने इग्निशन ऑन करून १२ व्होल्ट येतात का पाहा. काही गाड्यांत ते चावी फिरवल्यावर दोन-चार सेकंदच किंवा इंजिन सुरू असतानाच येतात. नुसत्या मीटरवर विसंबू नका. कनेक्टरच्या पिनेवर हिरवा गंज चढला असेल तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. ५ वॅटचा बल्ब लावा. बल्ब मंद पेटला तर गंज किंवा अर्धी तुटलेली वायर आहे. सप्लाय कायम असतो, अर्थ ईसीयू तालावर चालू-बंद करतो. म्हणून इंजिन सुरू असताना हार्नेसच्या दोन हीटर पिनांमध्ये बल्ब धरला तर तो पेटायला किंवा लुकलुकायला हवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी असते का? पावसाळ्यात उंदीर इंजिनवर येऊन बसतात आणि सेन्सरची वायर हे त्यांचं आवडतं खाणं. कनेक्टरपासून मागे वीतभर तरी वायर हाताने चाचपून पाहा.

---

कळवा_गॅस्केट

लॅम्बडा यांनी हीटरचं सांगितलंच आहे. पी०१७१ साठी माझं मत: आयडलला ट्रिम जास्त आणि २५०० ला कमी, हा व्हॅक्यूम लीकचा (इनटेकमध्ये गळतीतून हवा शिरण्याचा) ठरलेला नमुना आहे. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणारा) पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा. उलट आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत गेला असता तर पेट्रोल कमी पडतंय म्हटलं असतं: फिल्टर, पंप, प्रेशर.

---

तुर्भे_स्पॅनर

नमुना बरोबर आहे, पण त्याआधी एक प्रश्न. या गाडीत हवा मोजायला मॅफ (हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर) आहे की मॅप (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा)? एअर फिल्टरच्या डब्यानंतर पाइपात वायर असलेला सेन्सर नसेल आणि इनटेक मॅनिफोल्डवर छोटा प्रेशर सेन्सर असेल तर ती मॅप गाडी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवर चालतात.

मॅफच्या गाडीत गळतीतून आलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिक्स्चर लीन होतं आणि ट्रिम चढतो. मॅपच्या गाडीत मात्र हवा कुठूनही आत आली तरी मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, ईसीयूला ते दिसतं आणि तो त्या हिशोबाने पेट्रोल देतो. तिथे व्हॅक्यूम लीकने मुख्यतः आयडल वर जातो किंवा हलतो, ट्रिम एवढा +३० पर्यंत चढायचं सहसा कारण नाही. एकाच सिलिंडरच्या पोर्टजवळ गळती असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गाडी मिसिंग करेल.

मॅप असेल तर मी पहिला संशय एक्झॉस्टवर घेईन. सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिन आणि सेन्सर यांच्यामध्ये, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा चिरेला गळती असेल तर धूर बाहेर येतोच, पण बाहेरची हवाही आत जाते. एक्झॉस्टचा प्रवाह ठोक्या-ठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा खाली जातं आणि हवा ओढली जाते. आयडलला प्रवाह थोडा, त्यामुळे ही हवा प्रमाणाने जास्त. २५०० ला प्रवाह भरपूर, हवा नगण्य. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवत सुटतो. गाडी प्रत्यक्षात रिच चालते आणि स्कॅनरवर लीन दिसते. ॲव्हरेज पडणं यात चपखल बसतं.

खात्री करायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्पार्क प्लग काढून पाहणं. प्लग सिलिंडरमधलं सांगतो, गळतीच्या अलीकडचं. खरंच लीन असेल तर टोकाचं पोर्सलिन पांढुरकं दिसेल. काळी कोरडी काजळी असेल तर लीन कोड खोटा.

गळती शोधायला सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि बॉनेट उघडून मॅनिफोल्डजवळ कान द्या. टिक-टिक आवाज येऊन दोन-तीन मिनिटांत कमी झाला तर गॅस्केटच. धातू तापून फुगला की फट थोडी मिटते. आवाज ओळखू आला नाही तर इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्लोअरचा पाइप सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून बसवा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. हीट शील्ड काढूनच पाहा, गळती त्याच्या आड लपते.

पीयूसीच्या कागदावर सीओ ०.३ टक्क्याच्या आत दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. त्या हवेमुळे कॅट-कॉन सीओ जाळून टाकतो आणि कागद स्वच्छ येतो.

---

दिवा_लोकल

एवढी उठाठेव कशाला? सेन्सर काढून रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा, सकाळी वायर ब्रशने घासा, गॅसच्या शेगडीवर तापवा. चालतो.

---

लॅम्बडा_ऐरोली

दिवा_लोकल, तुटलेला हीटर पेट्रोलने जोडला जात नाही. टोकावरची काजळीही धुवायची गरज नसते, मिक्स्चर सुधारलं की एक्झॉस्टच्या उष्णतेत ती आपोआप जळते. जे जळत नाही, म्हणजे सिलिकॉनचा पांढरा थर किंवा कूलंटचे क्षार, ते ब्रशनेही निघत नाहीत. घासताना आतला प्लॅटिनमचा थर मात्र जाऊ शकतो. शिवाय पेट्रोलमध्ये भिजवलेली वस्तू शेगडीवर धरायला इथे तरी कुणाला सांगू नका.

काढलेल्या सेन्सरचा रंग पाहून घेणं मात्र फायद्याचं असतं. मऊ काळी काजळी म्हणजे रिच. काळपट-तपकिरी तेलकट म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. चमकदार पांढरा थर म्हणजे कुणीतरी सिलिकॉन सीलंट वापरलंय. हे कारण तसंच ठेवून नवा सेन्सर लावला तर तोही त्याच वाटेने जातो.

---

मानपाडा_पी४

धन्यवाद. आकडे घेतले.

हीटर: दोन काळ्या वायर, मीटर ओएल. बॉडीशी कंटिन्यूइटी नाही. हार्नेसच्या बाजूला १२.३ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब झकास पेटतो. वायर कुठे कुरतडलेली नाही.

पाम बीचवरून आल्या आल्या आयडल: सेन्सर ०.१ ते ०.३, मधूनच ०.७ ला झेप घेतो. शॉर्ट +९, लाँग +१८. म्हणजे गरम सेन्सरवरही लीनच.

गाडी मॅपची आहे. प्लग चारही काळे, कोरडी काजळी. थंड असताना टिक-टिक येते, आधी मी ती टॅपेटची समजत होतो. हीट शील्ड काढल्यावर तिसऱ्या पोर्टच्या खालच्या नटाजवळ करडा-काळा फराटा दिसला, बोटाला काजळी लागते. तो नट हाताने फिरतोय.

आता प्रश्न: आधी काय करू, गॅस्केट की सेन्सर? नुसता नट आवळून चालेल? आणि कुर्ल्याला जुना सेन्सर मिळतो, ऑनलाइन युनिव्हर्सल स्वस्तात मिळतो, ते घ्यावेत का?

---

तुर्भे_स्पॅनर

दोन्ही एकदमच करा, शील्ड एकदाच काढावी लागेल. मॅनिफोल्ड आधी, नवा सेन्सर सगळ्यात शेवटी.

नुसता नट आवळून भागणार नाही. जिथून धूर निघालाय तिथलं गॅस्केट जळून खाल्लेलं असतं, आवळल्यावर आठवडाभर गप्प बसेल इतकंच. शिवाय नट सैल का झाला तेही पाहा: स्टड ओढून लांबला असेल किंवा हेडमधले आटे गेले असतील. स्टड सोबत फिरत बाहेर येत असेल तर आटे तपासा, गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून घ्या.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडा. नट अडला तर जोर लावून तोडू नका, थोडा आवळून मग सोडा, पुढे-मागे करत काढा. हेडमध्ये स्टड तुटला की गॅस्केटच्या कामाचं हेडचं काम होतं. मॅनिफोल्ड निघाला की दोन्ही पृष्ठभाग पात्याने खरवडून घ्या आणि स्टीलची पट्टी आडवी धरून फट पाहा. मॅनिफोल्ड वाकला असेल तर मशीनवर फेस मारून घ्यावा लागतो, नाहीतर नवं गॅस्केटही तिथेच फुटेल. नवे नट वापरा. मधल्या नटापासून बाहेर असे, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. एक्झॉस्टच्या सांध्यावर साधं सिलिकॉन लावू नका, त्याची वाफ थेट नव्या सेन्सरवर जाते.

---

लॅम्बडा_ऐरोली

जुना सेन्सर घेऊ नका. मीटरवर हीटर चांगला दिसला तरी त्याचा प्रतिसाद किती मंदावलाय ते गाडीत लावल्याशिवाय कळत नाही, आणि मग पी०१३३ (सेन्सरचा प्रतिसाद मंद) घेऊन बसाल. युनिव्हर्सल चालतो, पण तुमचा जुना कनेक्टर कापून नव्याला जोडावा लागतो. तिथे क्रिम्प वापरा, सोल्डर नको. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या फटींतूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारायचा नाही. चार क्रिम्प, त्यावर पाणी न जाणाऱ्या स्लीव्ह, ही कटकट पाहता जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर वाचून त्याच कनेक्टरचा डेन्सो, एनटीके किंवा बॉशचा घ्या. पुढच्या-मागच्या सेन्सरची वायर वेगवेगळ्या लांबीची असते, दुकानात तेवढं पाहून घ्या.

काढायला २२ मिमीचं, वायर जायला बाजूने फट असलेलं सेन्सर सॉकेट लागतं. रिंग पानाही चालतो, वायर कापायची तयारी असेल तर. उघड्या पान्याने षट्कोन गोल होतो. मॅनिफोल्ड बाहेर काढणारच आहात तर बाकावर धरून काढणं सोपं. आटे एम१८ बाय १.५ चे असतात. सेन्सर रडत निघाला तर त्या मापाचा टॅप एकदा फिरवून आटे साफ करा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेकदा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावूनच येतं. नसेल तर आट्यांवरच, अगदी पातळ. टोकाच्या छिद्रांना लागता कामा नये. आधी हाताने पूर्ण बसवा, मग ३५ ते ४५ न्यूटन-मीटर. खाली पडलेला सेन्सर लावू नका, आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. वायर मूळ क्लिपमध्येच अडकवा, मॅनिफोल्डला टेकली तर वितळून शॉर्ट होईल आणि या वेळी फ्यूजही जाईल.

---

खारघर_सीएनजी

धागा वाचणाऱ्या किटवाल्यांसाठी: हे सगळे ट्रिम पेट्रोलवर चालवून पाहा. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटची मॅपिंग चुकलेली असेल तर गॅसवर चालताना ईसीयू चुकीचा लाँग टर्म शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावर तोच लागू करतो. पी०१७१ किंवा पी०१७२ (मिक्स्चर रिच) आला की आधी किट ट्यून करून घ्या. काही किटमध्ये सेन्सरच्या सिग्नल वायरला जोड दिलेला असतो, टेप गुंडाळलेला तो जोड पावसाळ्यात हिरवा पडतो. सेन्सरला नावं ठेवायच्या आधी तो उघडून पाहा.

आणि बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांत पुढे वाइडबँड सेन्सर (मिक्स्चर किती लीन-रिच तेही मोजणारा) आहे, तिथे वरचे ०.१ ते ०.९ व्होल्टचे आकडे लागू नाहीत. स्कॅनरवर लॅम्बडा (हवा-इंधनाचं गुणोत्तर, १.०० म्हणजे नेमकं बरोबर) १.०० च्या आसपास हलतोय का ते पाहायचं.

---

मानपाडा_पी४

काम झाल्यावर तपासायचं काय? आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याने ट्रिम वाढतो का?

---

तुर्भे_स्पॅनर

वाढतो, पण थोडा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १, ई२० ला ते साधारण १३.५ च्या आसपास येतं. जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत लाँग टर्म काही टक्क्यांनी वर सरकलेला दिसेल. पण तो आयडल आणि २५०० दोन्हीकडे सारखाच सरकतो. तुमच्यासारखी आयडलला +१८ आणि वर +६ अशी तफावत इंधनाने येत नाही.

काम झाल्यावर काजळी धरलेले प्लग साफ करा किंवा बदला. कोड स्कॅनरने पुसा, आधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी ईसीयूने साठवलेल्या आकड्यांचा) स्क्रीनशॉट ठेवा. लाँग टर्म शून्यावर आला नाही तर मॅन्युअलप्रमाणे रीसेट करा, नाहीतर ईसीयू जुन्या सवयीने काही दिवस जास्त पेट्रोल देत राहील. पहिल्यांदा गाडी थंडच सुरू करा आणि ओपन लूपमधून (सेन्सर न वाचता) क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सर वाचून पेट्रोल ठरवायच्या अवस्थेत) जायला किती वेळ लागतो ते पाहा. हीटर चालू असेल तर मिनिट-दीड मिनिटाच्या आत जायला हवी. मग गरम आयडलला सेन्सर ०.४५ च्या दोन्ही बाजूंना सतत ओलांडत राहायला हवा आणि दोन्ही ट्रिमची बेरीज ±५ च्या आत, फार तर ±१० पर्यंत.

लगेच लाइट लागला नाही म्हणून पी०१७१ गेला असं धरू नका. तो साठत साठत येतो. लाँग टर्मवर दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत नजर ठेवा. आयडलचा आकडा पुन्हा +१० च्या वर चढू लागला तर शील्ड काढा आणि इंजिन थंड असताना मॅनिफोल्डचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. नवं गॅस्केट पहिल्या काही वेळा तापून-निवून थोडं दबतंच.